आठवड्याला एक फोटो, वर्षभर नाशिक: प्रकल्प कसा आखावा आणि कसा तडीस न्यावा

दर आठवड्याला एक फोटो, वर्षाचे बावन्न. पहिले दोन महिने हे हौसेनं पार पडतं. मग पाऊस, लग्नसराई, ऑफिसची कामं यातलं काहीतरी आडवं येतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे ‘या आठवड्यात कुठे जायचं?’ हा प्रश्न. दर वेळी नवी जागा शोधायची म्हटली की माणूस दमतो आणि प्रकल्प अर्ध्यावर राहतो.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: जागा मोजक्या धरा आणि वर्षभर त्याच जागी जात राहा. नाशिकला हे फार छान जमतं. गोदाघाटाच्या ज्या पायऱ्यांवर मे महिन्यात लोक निवांत बसतात, त्या ऑगस्टच्या पुरात दिसत नाहीत. मखमलाबादकडच्या ज्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर नुसत्या काड्या उरतात, तिथेच फेब्रुवारीत घड लगडलेले असतात. जागा तीच असली की झालेला बदल फोटोत आपोआप उतरतो, आणि तुमची नजरही तयार होते. एका बाभळीवर सुगरणीचं अर्धं घरटं पाहिलेलं असेल, तर पुढच्या आठवड्यात पाय आपसूक तिकडे वळतात.

जागा निवडताना

चार जागा पुरतात. एक पाण्याची: गोदाघाट, सोमेश्वर किंवा गंगापूर धरणाचा फुगवटा. एक उंचावरची: पांडवलेणी, म्हसरूळची चांभारलेणी किंवा रामशेज. एक शेताची: ओळखीच्या माणसाची द्राक्षबाग, नाहीतर गावाकडचा मळा. चौथी घराजवळची, पायी दहा मिनिटांत गाठता येईल अशी. सोसायटीमागचा नाला, शाळेच्या मैदानातलं वडाचं झाड, स्वतःची गच्ची, काहीही चालेल. या चौथ्या जागेला कमी लेखू नका. वर्षातले निदान पंधरा-वीस आठवडे तीच तारून नेते.

पाचवी जागा लांबची आणि हंगामी: नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

जागा ठरल्या की प्रत्येक ठिकाणी एक ‘ठरलेली चौकट’ पक्की करा. म्हणजे उभं राहायची जागा, कॅमेऱ्याची उंची आणि झूम कायम ठेवून महिन्यातून एकदा घ्यायचा फोटो. गोदावरीसाठी यापेक्षा चांगला विषय नाही: नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. नाशिककर पूर मोजतात तो याच मारुतीवर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हेच आधी विचारलं जातं. काठावरची किंवा पुलावरची एक जागा धरा आणि कठड्याचा कोणता खांब, कोणती फरशी हे वहीत लिहून ठेवा. मोबाईलने काढत असाल तर झूम न करता १एक्स वरच ठेवा, म्हणजे चौकट दर महिन्याला तंतोतंत जुळते. वर्षाअखेरीस हे बारा फोटो शेजारी मांडले की नदीचं अख्खं वर्ष एका ओळीत दिसतं.

नियम थोडे, पण पक्के

आठवडा सोमवार ते रविवार. फोटो त्याच आठवड्यात काढलेला हवा, मागचा साठवून ठेवलेला चालणार नाही. आठवड्याला एकच फोटो निवडायचा. मोबाईलचा फोटो पूर्ण मान्य. आणि प्रत्येक फोटोसोबत चार गोष्टी लिहायच्या: तारीख, वेळ, जागा आणि एक ओळ. ही ओळ अलंकारिक नको. ‘पाणी पायरीपर्यंत, काल रात्रभर पाऊस, वंचक बगळा आज एकटाच’ एवढी पुरे. दोन वर्षांनी फोटोपेक्षा ती ओळच जास्त सांगते.

वेळही बांधून घ्या. माझ्या मते नाशिकला दोन वेळा सोयीच्या आहेत. शनिवारची किंवा रविवारची पहाट, आणि बुधवार. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो, त्यामुळे शनिवार-रविवार हुकण्याची शंका असेल तर बुधवारी संध्याकाळी कामावरून येताना तिथे उतरलं की त्या आठवड्याचा फोटो मिळतो. सूर्योदय जानेवारीत सातनंतर होतो आणि जूनमध्ये सहाच्या सुमारास, त्याप्रमाणे गजर बदलत राहा. फोटोच्या जागी सूर्योदयाआधी वीस मिनिटं पोहोचायला हवं. पक्ष्यांची हालचाल आणि मऊ उजेड, दोन्ही त्या पहिल्या तासा-दीड तासात मिळतात.

नाशिकचं पंचांग हाताशी ठेवा

सुरुवात जानेवारीतच करायला हवी असं नाही. मला जून अधिक योग्य वाटतो, कारण नदी, शेत आणि पक्षी या तिघांचंही वर्ष पावसापासून सुरू होतं.

जून-जुलैमध्ये आधी आवाज येतात: पावश्या, चातक, रात्री बेडूक. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. झाडाच्या शेंड्यावर किंवा तारेवर उघड्यावर बसतो, म्हणून साध्या लेन्सनेही सापडतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळींवर सुगरण नर घरटी विणू लागतात. पिवळाधमक नर पात्याची हिरवी पट्टी चोचीत घेऊन येतो तो क्षण हवा असेल तर लांब उभं राहून घरट्यावर आधीच फोकस लावा आणि वाट पाहा. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताची आवणी सुरू होते. चिखलात वाकलेल्या माणसांचे फोटो वरून घेऊ नका, बांधावर बसून त्यांच्या उंचीवरून घ्या. आभाळ आणि डोंगर दोन्ही चौकटीत येतात आणि कष्टही दिसतात.

ऑगस्ट-सप्टेंबर हा अंजनेरीचा काळ. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीच्या या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात आहे. शास्त्रीय जगाला तिची ओळख २००६ साली झाली आणि तिच्या नावातच अंजनेरी आहे. फूल लहान, रोप गवतात लपलेलं. हेच फूल शोधायला पठारभर फिरणं म्हणजे ते पायाखाली तुडवण्याची खात्रीच. पायवाट सोडू नका. वाटेच्या कडेला तेरडा आणि इतर इवल्या रानफुलांचे असंख्य विषय आहेत. फुलासाठी जमिनीवर पालथं पडावं लागतं, म्हणून प्लास्टिकचा एक तुकडा पिशवीत ठेवा, आणि आडवं व्हायच्या आधी खाली दुसरं रोप नाही ना ते पाहा. कड्यांकडेही नजर असू द्या. अंजनेरीच्या कपारींत लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आहे. फोटोत ती ठिपक्याएवढीच येतील, तरी मोठ्या कड्यासमोरचा तो लहानसा पक्षी घ्यावा असं मला मनापासून वाटतं. याच काळात श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. तिसऱ्या सोमवारी गर्दी सर्वात मोठी. फोटोसाठी आदल्या संध्याकाळचं त्र्यंबक जास्त बोलकं असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाऊस ओसरतो, हवा धुतलेली असते आणि लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात. उंचावरच्या जागेचे वर्षातले सर्वोत्तम फोटो याच आठवड्यांत मिळतात. द्राक्षबागांची गोडीबहार छाटणी, म्हणजे ऑक्टोबर छाटणी, चालू असते. घाटावर शेपटी हलवत फिरणारा करडा धोबी पक्षी दिसला की स्थलांतर सुरू झालं असं समजा. वहीत त्याची पहिली तारीख लिहाच, दरवर्षी तुलनेला उपयोगी पडते.

डिसेंबर ते फेब्रुवारी नांदूरमध्यमेश्वरचे. निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेला आहे, आणि अशा पहाटे द्राक्षबागांत ऊब धरायला शेकोट्या पेटवतात. धूर, दव आणि पहिला उजेड यांचा फोटो काढायचा असेल तर बागाइतदाराला आदल्या दिवशी विचारून ठेवा. ती रात्र त्याच्यासाठी काळजीची असते, आपण त्याच्या पायात येता कामा नये. संक्रांतीला येवल्याचे पतंग आहेत, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. दिंड्या नाशिकच्या रस्त्यांवरून पायी जातात, त्यामुळे फोटोसाठी त्र्यंबकपर्यंत जावंच लागतं असं नाही.

मार्चनंतर रंग. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे दगडी हौद, उघडतात: शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा. रहाडीत धप्पा मारणारा माणूस हवेत असताना टिपायचा तर शटर १/१००० सेकंद किंवा जास्त वेगाचं ठेवा आणि कुणाच्या तरी ओट्यावर, माडीवर परवानगीनं जागा मिळवा. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घालून रबरबँड लावा. रंगाचं पाणी लेन्सच्या सांध्यात गेलं की निघत नाही. पळस, पांगारा, सावर फुललेली असतात आणि त्यांच्यावर भोरड्यांचे थवे तुटून पडतात. एका फुललेल्या सावरीखाली तासभर उभं राहिलात तर महिन्याभराचा ऐवज मिळतो. शेतात उन्हाळ कांदा काढणीला येतो, कांद्याच्या चाळी भरल्या जातात. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर कॅमेरा आत ठेवा. ऊन इतकं उभं असतं की चेहऱ्यांवर नुसत्या सावल्या पडतात. मे संपता संपता भंडारदऱ्याकडे काजवे चमकतात. तिथे हेडलाइट आणि टॉर्च बंद ठेवायचे, झाडांखालच्या जमिनीवर पाय द्यायचा नाही, माद्या तिथे असतात.

नांदूरमध्यमेश्वरची एक सकाळ

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी बंधारा आहे. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. बदकांना आणि चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांना नेमकं हेच लागतं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं.

चापडगाव आणि खाणगाव थडीकडे निरीक्षण मनोरे आहेत. पहिल्याच फेरीत स्थानिक गाईड घ्या. त्यांच्याकडे टेलिस्कोप असतो आणि कोणता थवा काल कुठे बसला होता ते त्यांना ठाऊक असतं. मोठी लेन्स नसेल तर त्यांच्या परवानगीनं टेलिस्कोपच्या भिंगाला मोबाईल टेकवून फोटो काढा. थोडा सराव लागतो, पण नोंदीपुरता स्वच्छ फोटो नक्की मिळतो.

सकाळी सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरा. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी हे पाण्यावर दिसतील. काठाला शेकाट्या आणि चमचे, झाडांवर चित्रबलाक, पाणवेलींत जांभळी पाणकोंबडी. आजूबाजूच्या शेतांत क्रौंचांचे थवे उतरतात, म्हणून येता-जाता गाडी हळू ठेवा. गाडीतून दिसले तर गाडीतच बसून, काच खाली करून फोटो घ्या. माणूस उतरला की पक्षी उठतात, गाडीला ते तेवढे बुजत नाहीत. गुडघ्यावर किंवा खिडकीवर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा, हात हलत नाही.

सेटिंग सुरुवातीला एवढं ठेवा. बसलेला पक्षी: शटर १/५००. उडता: १/२०००. अॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ ५.६ ते ८ च्या दरम्यान, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर आणि नेम पक्ष्याच्या डोळ्यावर. उन्हातला बगळा किंवा चमचा पांढराफटक होऊन पिसांचा तपशील जातो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोतला उजेड) पाऊण-एक स्टॉप, म्हणजे त्याच्या मापातली पाऊण-एक पायरी, कमी करा. आभाळासमोर उडणारी घार उलट काळी पडते, तिच्यासाठी तेवढंच वाढवा. थवा उठण्याची वाट पाहायची असेल तर पाहा. तो उठवण्यासाठी दगड मारणं, टाळ्या वाजवणं कदापि नको. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याचा प्रत्येक नाहक उड्डाणात साठवलेला जोम खर्च होतो.

पावसाळ्यात एकदा जरूर जा. गर्दी नसते, आणि लांब शेपटीचा कमळपक्षी पाणवनस्पतींच्या पानांवरून चालताना दिसू शकतो. हिवाळ्यात त्याची ती शेपटी नसते.

माणसांचे फोटो

बुधवारच्या बाजारात आधी भाजी घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा: ‘मावशी, तुमचा एक फोटो काढू का?’ नाही म्हणाल्या तर हसून पुढे जा. हो म्हणाल्या तर पहिला फोटो त्या सावरून बसतात तो होऊ द्या, आणि मग गिऱ्हाईक आलं की खरा फोटो घ्या. पुढच्या बुधवारी त्याची प्रिंट नेऊन दिली की तुम्ही तिथले होता. वर्षभर त्याच जागी जाण्याचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

रामकुंडावर सावध राहा. तिथे दशक्रिया चालू असतात, अस्थिविसर्जन होतं, बायका स्नान करतात. या माणसांकडे कॅमेरा रोखू नये, लांबच्या लेन्सने तर मुळीच नाही. घाटाचा दगड, पाण्यातले दिवे, नारोशंकराचं मंदिर, कबुतरं, फुलवाल्यांच्या परड्या यांनी रामकुंड पुरेपूर दाखवता येतं. २०२७ च्या सिंहस्थाचा काळ तुमच्या वर्षात येत असेल तर घाटाची आणि रस्त्यांची कामं, गर्दीआधीची तयारी, हे सगळं टिपा. सोहळ्याचे फोटो लाखो निघतील, तयारीचे फार थोडे.

कुठे थांबायचं

घरट्याजवळ जाऊ नका, झाडोरा बाजूला करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत येतं. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हद्द राखणारा नर प्रतिस्पर्धी समजून धावून येतो आणि पिल्लांना भरवायचं सोडून शोधत बसतो. दुर्मीळ पक्ष्याची किंवा गिधाडाच्या कपारीची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका.

येवला तालुक्यातल्या ममदापूरला काळवीट पाहायला जाल तर रस्त्यावरूनच फोटो घ्या. गाडी माळावर घालून कळपामागे नेणं गुन्हा तर आहेच, उन्हाळ्यात ते प्राण्याच्या जिवावरही बेतू शकतं.

बिबट्याचा फोटो हे उद्दिष्ट ठेवूच नका. जिल्ह्यात उसाच्या आणि नदीकाठच्या पट्ट्यात त्यांचा वावर आहे, अंधारात एकट्यानं त्या बांधांवर जाणं टाळा. पहाटे दोघं-तिघं मिळून, बोलत चाला.

देवळाली कॅम्प, ओझर, नोटांचा छापखाना आणि बोरगडावरचं हवाई दलाचं ठाणं यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. ड्रोन तर या शहरात परवानगीशिवाय उडवूच नये. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी तिथे विचारा. सोमेश्वर, दुगारवाडी अशा ठिकाणी पावसाळ्यात ओल्या खडकावर पाणवठ्याशी उतरू नका. वर पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं.

साहित्य आणि फाइली

असेल तो कॅमेरा घ्या. घाट, बाजार, शेत, कीटक यांना मोबाईल उत्तम. पक्ष्यांसाठी ३०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी लेन्स हवी, आणि ती नसेल तर पक्षी लहान ठेवून भोवतालासह फोटो घ्या. तारेवरचा वेडा राघू आणि मागे धुक्यातला रामशेज, असा फोटो मला नुसत्या डोळ्या-चोचीच्या क्लोजअपपेक्षा जास्त प्रिय आहे. तो नाशिकशिवाय कुठेच निघत नाही.

रविवारी रात्री अर्धा तास: निवड, ओळ, नाव. फाइलला वर्ष, आठवड्याचा क्रमांक आणि जागा असं नाव द्या, उदाहरणार्थ ‘२०२६-२४-गोदाघाट’. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन. दुसरं आकाश चिकटवणं, पक्षी हलवणं असली कारागिरी नको. ही नोंद आहे. उजेड-अंधार कमीजास्त करणं आणि कडा कातरणं पुरे.

अडलेल्या आठवड्यासाठी

ताप, परीक्षा, सलग पाऊस, पाहुणे. अशा आठवड्यांसाठी वहीच्या मागच्या पानावर घरातल्या विषयांची यादी आधीच करून ठेवा. ट्यूबलाइटशेजारची पाल, खिडकीवर आलेला पतंग, कुंडीतली मुंग्यांची रांग, कुंपणावरचा शिंजीर, गच्चीच्या टाकीवरचा दयाळ, संध्याकाळी समोरच्या झाडाच्या ढोलीतून डोकावणारा पिंगळा. हे विषय ‘भागवून नेण्याचे’ नाहीत, शहरातलं वन्यजीवन हेच आहे. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षीगणना असते. त्या चार दिवसांत निदान पंधरा मिनिटं गच्चीवर बसून दिसतील ते पक्षी मोजा, त्या आठवड्याचा फोटो तिथेच काढा. एखादा आठवडा तरीही हुकला तर त्या क्रमांकाची जागा कोरी ठेवा आणि पुढच्या सोमवारी पुढे चला.

वर्ष भरल्यावर

बावन्न फोटो मोबाईलवर न पाहता चार बाय सहाच्या प्रिंट काढून जमिनीवर मांडा. महिन्यांप्रमाणे एकदा, जागांप्रमाणे एकदा. जागांच्या मांडणीत काय राहून गेलं ते लगेच कळतं, आणि पुढच्या वर्षाची यादी तिथेच तयार होते. पक्ष्यांचे फोटो तारीख-जागेसह ई-बर्डवर, कीटक आणि फुलांचे आय-नॅचरलिस्टवर चढवा; या निसर्गनोंदींच्या वेबसाइट आहेत. ओळख चुकली असेल तर जाणकार दुरुस्त करतात आणि नोंद अभ्यासकांच्या कामी येते. घरट्यांचे आणि संवेदनशील जातींचे फोटो असतील तर जागा झाकण्याची सोय वापरा.

ज्यांनी शेतात येऊ दिलं, ओट्यावर उभं राहू दिलं, फोटो काढू दिला, त्या प्रत्येकाला एक प्रिंट द्या. मागे तारीख, वार आणि जागा पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन पुढून उमटतं.